सोलापुरात राहून मिनिएचर रंगवायचेत? मग हे वाचून घ्या

डन्जन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे टेबलाभोवती बसून गोष्ट रचत खेळायचा खेळ, तो खेळणारे ग्रुप आता सोलापुरात पण दिसायला लागलेत. जुळे सोलापुरात कुणाच्या तरी हॉलमध्ये शनिवारी रात्री टेबल लागतं, फासे पडतात, आणि नकाशावर ती छोटी छोटी माणसं, म्हणजे मिनिएचर, थोडक्यात मिनी, उभी असतात, बहुतेकांची करड्या प्लास्टिकचीच. मग एखादा रंगवलेला ऑर्क, म्हणजे हिरवा राक्षस, घेऊन येतो, आणि सगळे खेळ सोडून त्याच्याभोवती, "हे कसं केलं बे?"

तर हे कसं करायचं ते सगळं लिहून ठेवतोय. व्हिडिओ ढीगभर आहेत, पण जवळपास सगळे इंग्लंड-अमेरिकेतल्या थंड दमट हवेत बसून केलेले. तो माणूस निवांत सांगतो की पहिला कोट वाळेपर्यंत थांबा, आणि आपल्याकडं एप्रिलमध्ये ब्रश पॅलेटवरून उचलून मिनीपर्यंत नेईस्तोवर रंग ब्रशवरच वाळलेला असतो. नवखा माणूस समजतो आपला हातच चांगला नाही. हात बरोबर असतो, हवा वेगळी असते. इथं रंग पातळ करणं आणि तो पातळ राहील याची सोय करणं, हे दोन जमलं की बाकीचं सगळं सवयीनं येतं.

१. पहिली मिनी कोणती घ्यायची

साईझ बघा आधी. टेबलटॉपच्या मिनी साधारण २८ ते ३२ मिमी उंचीच्या असतात. फोटोत ड्रॅगन बघून हुरळू नका, पहिला ड्रॅगन घेतलेली माणसं तो अर्धवट रंगवून कपाटावर ठेवतात. पहिल्यांदा सांगाडे, गॉब्लिन, ऑर्क असलं काहीतरी घ्या. सांगाडा तर लई सोपा, हाडाचा रंग, वर तपकिरी वॉश (एकदम पातळ गडद रंग), कडांवर थोडा ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशनं रंग), झालं. चेहरा नाही, डोळे नाहीत, आणि चुकलं तर तो जुना मुडदाच आहे, कुणी काय म्हणणार.

मटेरियल कुठलं ते माहीत पाहिजे कारण गोंद आणि प्राइमर (रंग धरावा म्हणून आधी मारायचा थर) त्यावर ठरतो:

- कडक प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरिन. वॉरहॅमर या युद्धाच्या खेळाचे किट याचे असतात, फ्रेममधून कापून जोडायचे.
- मऊ पीव्हीसी. बोर्डगेमच्या डब्यातल्या बहुतेक मिनी. तलवारी वाकलेल्या असतात.
- रेझिन, म्हणजे थ्रीडी प्रिंट. डिटेल भारी पण ठिसूळ, हातातून पडली की भाला तुटलाच.
- धातू. जड, जुन्या कंपन्यांच्या. नवीन माणसानं सुरुवातीला नको.

विझकिड्स कंपनीच्या नोल्झूर सिरीजच्या मिनी प्राइमर मारूनच येतात, सुरुवातीला ते सोयीचं पडतं. बाहेरून डायरेक्ट मागवणार असाल तर कस्टम ड्यूटी आणि कुरिअर धरून हिशोब करा, नाहीतर मिनीपेक्षा टपाल महाग. थ्रीडी प्रिंट मागवताना विक्रेत्याला विचारा की रेझिन नीट धुऊन क्युअर, म्हणजे पूर्ण कडक, केलंय का. हाताला चिकट लागली तर ती कच्ची आहे, उघड्या हातानं धरू नका, नायट्राइल ग्लोव्हज घाला आणि परत करा.

आणि एक देशी उपाय. दिवाळीच्या आधी किल्ल्यासाठी बाजारात मावळे येतात ना, ते प्लास्टरचे, मूठभर घेऊन ठेवा. प्लास्टर रंग पिऊन टाकतं म्हणून आधी पाणी घातलेल्या फेविकॉलचा एक हात द्या, वाळला की सरावाला त्याच्याइतकं स्वस्त काही नाही. पगडी, अंगरखा, ढाल, मिशी, शिकायला लागतं ते सगळं त्याच्यावर असतं. वरचा बाजारातला रंग खडबडीत असला तर झिरो पेपरनं हलका घासा.

२. सामान

बहुतेक सगळं सोलापुरातच मिळतं. नवी पेठेतल्या ड्रॉइंग मटेरियलच्या आणि स्टेशनरीच्या दुकानांत अर्धं, हार्डवेअर आणि ऑटोमोबाईलच्या दुकानांत पाव, उरलेलं स्वयंपाकघरात. ऑनलाईन मागवायचं असं सुरुवातीला फार थोडं आहे.

- ब्रश: सिंथेटिक, गोल, टोकदार. २ नंबरचा एक, १ किंवा ० नंबरचा एक. शिवाय ड्रायब्रशसाठी एक जुना झिजलेला, किंवा मेकअपचा छोटा गोल ब्रश.
- रंग: काळा, पांढरा, लाल, निळा, पिवळा, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, चंदेरी. सगळे अ‍ॅक्रिलिक. ऑइल नाही, पोस्टर कलर नाही, घराला मारायचा इनॅमल तर अजिबात नाही.
- अ‍ॅक्रिलिक मॅट मीडियम (रंग नसलेलं, रंगात मिसळायचं), आणि मिळालं तर रिटार्डर (रंग उशिरा वाळावा म्हणून घालायचं).
- प्राइमर आणि मॅट वार्निश.
- क्राफ्ट नाईफ, छोटा कटर, बारीक कानस किंवा ४०० आणि ८०० नंबरचा पॉलिश पेपर.
- फेविक्विक, फेविकॉल, एम-सील.
- घट्ट झाकणाचा चपटा डबा, बेकिंग पेपर, पाण्याचे दोन ग्लास, जुना सुती कपडा.
- धरायला औषधाची रिकामी बाटली आणि दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप. मिनी झाकणावर चिकटवायची, बाटली हातात धरायची, म्हणजे बोटं रंगाला लागत नाहीत.
- पांढरा एलईडी दिवा, शक्यतो दोन, डावीकडून एक उजवीकडून एक.

ब्रशबद्दल दोन गोष्टी. सगळे नवीन लोक जाऊन तीन शून्यवाला बारीक ब्रश आणतात कारण मिनी छोटी आहे. उलटं असतं ते. बारीक ब्रशच्या पोटात रंगच मावत नाही, आणि आपल्या हवेत तो थेंब वाळायला किती वेळ लागतो? १ नंबरचा ब्रश घ्या, पोट भरलेलं आणि टोक बारीक पाहिजे. दुकानात पाण्यात बुडवून मनगटानं झटका, टोक एकत्र आलं तर घ्या, दोन फाटे फुटले तर दुसरा मागा. दुकानदार वैतागतो, वैतागू द्या.

दुसरी, कुणी "ओरिजिनल मुंगूस" म्हणून ब्रश दाखवला तर हात लावू नका. मुंगुसाच्या केसांचे ब्रश विकणं-घेणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे, आणि तसंही सिंथेटिकवर सगळं काम होतं.

रंग कुठले? फेविक्रिल आणि कॅमलनं सुरुवात करा. वायेहो, आर्मी पेंटर, सिटाडेल हे मिनीसाठीच बनवलेले, त्यांचा रंगकण बारीक असतो, पातळ केला तरी झाकतात, ते चांगलेच आहेत यात वाद नाही. पण पहिल्या पाचसहा मिनीला त्यांची गरज नाही. नंतर घ्यायचे झाले तर आधी पांढरा, पिवळा आणि चंदेरी हे तीन घ्या, कारण साध्या ब्रँडचे हेच तीन सगळ्यात जास्त रडवतात.

३. धुणं, घासणं, जोडणं

साच्यातून सुटावी म्हणून मिनीला तेलकट काहीतरी लावलेलं असतं. भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशनं धुवा, वाळू द्या. हे टाळलं तर प्राइमर सालासकट निघतो.

मग मोल्ड लाईन. साच्याचे दोन भाग जिथं मिळतात तिथं बारीक रेघ राहते, डोक्यावरून, खांद्यावरून, पायावरून जाते. करड्या प्लास्टिकवर दिसत नाही आणि रंग मारला की ओरडून दिसते. क्राफ्ट नाईफच्या पात्याची पाठ तिच्यावरून हलकी फिरवा, धार नाही, पाठ. रेझिन घासायचं असेल तर पॉलिश पेपर ओला करून घासा आणि मास्क लावा, ती धूळ छातीत जाऊ द्यायची नाही.

वाकलेली पीव्हीसीची तलवार गरम पाण्यात अर्धा मिनिट बुडवा, मऊ पडते, सरळ करा आणि लगेच थंड पाण्यात धरा, तशीच राहते. याचीच दुसरी बाजू म्हणजे मे महिन्यात बंद गाडीत मिनी विसरलात तर सगळी फौज वाकून नमस्कार करताना सापडेल.

गोंद: कडक प्लास्टिकला प्लास्टिक सिमेंट सगळ्यात चांगलं, ते प्लास्टिक थोडं वितळवून सांधतं. पण रेझिन, पीव्हीसी आणि धातूवर ते काहीच करत नाही, तिथं फेविक्विक. टोपणातून डायरेक्ट ओतू नका, टूथपिकच्या टोकावर घेऊन लावा. बोटं चिकटली तर कोमट साबणाच्या पाण्यात धरून ठेवा. नेलपॉलिश रिमूव्हरनं पण सुटतं, पण त्यात अ‍ॅसिटोन असतं, ते मिनीला लागलं तर चेहरा वितळतो, म्हणून टेबलापासून लांब. सांध्यात फट राहिली तर एम-सीलची बारीक वळी करून भरा, ओल्या टूथपिकनं सारखी करा.

४. प्राइमर, आणि इथंच ऊन आडवं येतं

प्राइमर नसेल तर अ‍ॅक्रिलिक प्लास्टिकला धरत नाही, नख लागलं की निघतो. ऑटोमोबाईलच्या दुकानात स्प्रे कॅनमध्ये प्राइमर मिळतो, करडा किंवा पांढरा घ्या, मॅट असल्याची खात्री करा. आणि कॅनवर प्लास्टिकला चालतो असं लिहिलंय का बघा. मऊ पीव्हीसीवर काही स्प्रे कधीच पूर्ण वाळत नाहीत, महिन्यांनी पण चिकट लागतात, तेव्हा आधी बेसच्या, म्हणजे पायाखालच्या चकतीच्या, खालच्या बाजूला मारून एक रात्र थांबा. मगच पूर्ण मिनी.

आता पद्धत. व्हिडिओत सांगतात ३० सेंटिमीटरवरून मारा. सोलापुरात उन्हाळ्यात दुपारी एवढ्या लांबून मारलं तर फवाऱ्यातले थेंब हवेतच वाळतात आणि मिनीवर पावडर होऊन बसतात, हाताला वाळूच्या कागदासारखं खरखरीत लागतं, आणि एकदा तसं झालं की वर कितीही सुंदर रंगवा ते खरखरीतच दिसणार. म्हणून इथं:

सकाळी सातच्या आत, गच्चीवर, वारं नसताना. अंतर १५ ते २० सेंटिमीटर. कॅन दोन मिनिटं नीट हलवा, आतली गोळी वाजली पाहिजे. फवारा मिनीच्या बाहेर सुरू करायचा, मिनीवरून न्यायचा आणि बाहेर संपवायचा, एका जागी थांबायचं नाही. पातळ थर, पाच मिनिटं गॅप, मिनी फिरवून दुसरा थर. पूर्ण झाकलं नाही तरी चालतं, तिसऱ्या थराचा मोह टाळा, चेहऱ्याच्या खाचा भरतात.

पावसाळी दमट दिवशी पण नको, फवाऱ्यावर पांढरट धुकं धरतं. तसे दिवस आपल्याकडं मोजकेच, तेवढे सोडा. कॅन उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका, ५० अंशांच्या वर फुटू शकतो असं त्याच्यावरच छापलेलं असतं आणि मे महिन्यात डिकी तिथवर आरामात जाते. रेल्वेनं पुण्याहून कॅन आणायचा विचार असेल तर तोही सोडा, ज्वलनशील सामान डब्यात न्यायला बंदी आहे.

गच्ची नसेल, फ्लॅट असेल, घरात दमेकरी असेल तर ब्रशनं लावायचा प्राइमर घ्या, नाहीतर आर्टिस्टचा जेस्सो (कॅनव्हासला आधी लावतात तो) पाणी घालून पातळ दोन हात. वेळ जास्त लागतो पण ऊन-वारं काही बघावं लागत नाही.

एक युक्ती: आधी सगळी काळी करा, वाळली की वरून, डोक्याच्या दिशेनं, पांढऱ्या स्प्रेचा एकच हलका झटका. उजेड कुठं पडतो आणि सावली कुठं राहते ते मिनीवर आपोआप छापलं जातं. पुढं पातळ रंग मारले की खालची सावली वर दिसत राहते.

५. वेट पॅलेट बनवा, ही पायरी गाळू नका

थर्माकोलच्या प्लेटवर रंग काढला तर उन्हाळ्यात पाचेक मिनिटांत त्याची साय होते. वेट पॅलेट, म्हणजे खालून ओली राहणारी रंगाची थाळी, असेल तर तोच रंग दुसऱ्या दिवशी पण वापरता येतो. विकत घ्यायची काही गरज नाही.

चपटा डबा घ्या, झाकण घट्ट बसणारा. तळाला टॉवेलचा तुकडा दोन पदरी घालून अंथरा, आपल्या गावात टॉवेलला काय तोटा, घरात एखादा सोलापुरी टॉवेल विरलेला असतोच. गाळलेलं पाणी घाला, टॉवेल पूर्ण भिजला पाहिजे पण वर पाणी तरंगायला नको. त्याच्यावर बेकिंग पेपर डब्याच्या मापानं कापून, आधी दोन्ही बाजूंनी भिजवून, हवा काढत ठेवा. बेकरीतला मेण लावलेला बटर पेपर चालत नाही, त्यातून पाणी वर येत नाही आणि तुम्ही म्हणणार पॅलेट खराब आहे.

पाणी गाळलेलं का तर बोअरच्या पाण्यात क्षार असतात, वॉश वाळला की पांढरट डाग राहतात. आरओचं घ्या, लागतं किती, एक फुलपात्र. रोज नळाला पाणी येत नाही त्या गावात हॉबीसाठी पाणी वाया घालवतोय म्हणून आई ओरडायची शक्यता पण संपते.

काम झालं की झाकण लावून ठेवा. चारपाच दिवसांनी कुबट वास यायला लागतो, तेव्हा टॉवेल उकळून वाळवा. जुनं तांब्याचं नाणं पाण्यात टाकून ठेवलं तर बुरशी उशिरा धरते.

आणि बसायचं कुठं? पंख्याच्या खाली नको. कूलर तुमच्याकडं असू द्या पण त्याचा झोत मिनीवर आणि पॅलेटवर नको. मे महिन्यात मी रात्री नऊनंतरच बसतो, दुपारी रंगवण्यात अर्थ नाही.

६. बेस कोट

बेस कोट म्हणजे प्रत्येक भागाचा मूळ रंग. तो पातळ ताकाइतका पाहिजे. पॅलेटवर रंगाचा थेंब काढा, शेजारी पाण्याचा थेंब, ब्रशनं एकत्र करा, मग अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढा. नख दिसत असेल पण रेघेच्या कडा पसरत नसतील तर बरोबर. रेघ पसरून नखाच्या कडेला गेली तर पाणी जास्त, रेघेवर ब्रशच्या केसांच्या खुणा राहिल्या तर कमी. उन्हाळ्यात दर दहा मिनिटांनी ही टेस्ट परत करा, पॅलेटवर असला तरी घट्ट होतोच.

पहिला कोट घाणेरडाच दिसणार. चट्टे चट्टे, खालचा प्राइमर दिसतोय, आणि इथंच लोक घाबरून जाड रंग थापतात. थापू नका. वाळू द्या, दुसरा पातळ, लागला तर तिसरा.

क्रम आतून बाहेर: आधी अंगाची कातडी, मग कपडे, मग चिलखत, मग पट्टे-बक्कल-पिशव्या, म्हणजे आपण कपडे घालतो त्याच क्रमानं. बाहेरचं रंगवताना आतल्यावर लागलं तर दुरुस्त करणं अवघड, उलटं सोपं.

पिवळा आणि लाल झाकत नाहीत. पिवळ्याच्या खाली आधी यलो ऑकर द्या, लालच्या खाली बर्न्ट सिएना, मग दोन कोटात काम होतं. कातडीसाठी परदेशी ब्रँडचा फ्लेश कलर घेतला तर गुलाबी गोरा साहेब होतो. आपला योद्धा सावळा करायचा तर बर्न्ट सिएना, थोडा अंबर आणि ऑकर. उजेडाच्या जागी ऑकर आणि चिमूटभर पांढरा वाढवत न्या. ऑर्कचा हिरवा पण डब्यातला कच्चा हिरवा नको, खेळण्यासारखा दिसतो, त्यात थोडा लाल किंवा तपकिरी टाकून मारा.

चंदेरीला पाण्याचा वेगळा ग्लास. त्यातली चमक पाण्यात उतरते, आणि तेच पाणी पुढच्या रंगाला वापरलं तर जादूगाराच्या झग्याला चमकी लागते.

७. वॉश, ड्रायब्रश, हायलाईट

सगळ्यात मजा इथं आहे. वॉश म्हणजे एकदम पातळ गडद रंग, तो खाचांमध्ये उतरून बसतो आणि सपाट मिनीला एका मिनिटात खोली येते. घरी करायचा तर बर्न्ट अंबर आणि किंचित काळा, त्यात मॅट मीडियम भरपूर, मग पाणी. नुसत्या पाण्यात करू नका, वाळताना कडेला रिंगण उमटतं. भांड्याच्या साबणाचा अगदी कण घातला तर चांगला वाहतो, फेस आला म्हणजे जास्त झाला.

लावल्यावर नजर ठेवा. जिथं डबकं साचलं तिथून कोरड्या ब्रशच्या टोकानं उचलून घ्या. आपल्याकडं लवकर वाळतो म्हणून एका वेळी एकच भाग करा, आधी झगा, मग पाय, पूर्ण मिनी एकदम भिजवायची नाही. आणि अर्धवट वाळलेल्या वॉशला परत ब्रश लावायचा नाही, सोलपटतं. हे लई जण करतात.

ड्रायब्रश: जुन्या ब्रशला रंग लावा, कपड्यावर पुसा, अजून पुसा, जवळजवळ काहीच राहिलं नाही असं वाटलं की मिनीच्या उंचवट्यांवरून हलकं फिरवा. केस, लोकर, साखळीचं चिलखत, दगड, हाडं यांच्यासाठी बेस्ट. गुळगुळीत झग्यावर करू नका, धुळकट दिसतो.

हायलाईट म्हणजे उजेड पडणाऱ्या कडांवर फिकट रेघ. फिकट करायचं म्हणून प्रत्येक रंगात पांढरा घालायची सवय लावू नका, लालचा गुलाबी होतो. लालमध्ये केशरी, हिरव्यात पिवळा, काळ्यात निळसर करडा.

कॉन्ट्रास्ट पेंटबद्दल पण सगळे विचारतात. सिटाडेलनं २०१९ मध्ये आणले, मग आर्मी पेंटरचे स्पीडपेंट आले. फिकट प्राइमरवर एकच हात, बेस आणि सावली एकदम. पन्नास सांगाडे रंगवायचे असतील तर घ्याच. एकच हिरो मन लावून करायचा असेल तर नको, कारण त्यात हात शिकत नाही.

८. डोळे

गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारा माणूस कधी जवळून बघितलाय का? हात हवेत नसतो. करंगळी टेकलेली, कोपर टेकलेलं, आणि ब्रश फक्त बोटांच्या शेवटच्या पेरातून हलतो. मिनीला पण हेच. दोन्ही कोपरं टेबलावर, दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवा, एका हातात बाटली दुसऱ्यात ब्रश, म्हणजे थरथरलं तर दोन्ही एकत्र थरथरतं.

डोळे चेहऱ्याच्या आधी करा. डोळ्याच्या खाचेत गडद तपकिरी भरा. वाळला की त्यावर आडवी मळकट पांढरी रेघ, पांढरा शुभ्र नको, थोडा ऑकर घालून, आणि कडेला तपकिरी थोडी दिसत राहू द्या, तीच पापणी. मग बुबुळ. इथं ठिपका मारायला गेलात तर फसता, कारण ठिपका मधोमध बसत नाही आणि मिनी भूत बघितल्यासारखी टक लावते. ठिपक्याऐवजी वरपासून खालपर्यंत बारीक उभी रेघ ओढा, भुवईतून सुरू गालावर संपली तरी चालेल, दोन्ही डोळ्यांत किंचित एकाच बाजूला. मग कातडीच्या रंगानं वरखाली राहिलेली रेघ झाकून टाका. डोळा बरोबर मापाचा उरतो.

ब्रशच्या टोकावर रंग वाळत राहतो, म्हणून या कामाला रिटार्डर एक टिपका मिसळा आणि दर रेघेआधी नखावर टोक चालतंय का बघा. जिभेनं टोक करायची सवय असलेले लोक आहेत, तुम्ही लावून घेऊ नका, काही रंगांत कॅडमियम असतं.

आणि खरं सांगायचं तर टेबलावर तीन फुटांवरून डोळे कुणालाच दिसत नाहीत. पहिल्या काही मिनीला नुसती गडद खाच सोडली तरी चालतं.

९. बेस

पायाखालची चकती तशीच काळी ठेवली तर चांगली रंगवलेली मिनी पण अर्धवट वाटते. फेविकॉल लावून चाळलेली वाळू दाबा, वाळली की तपकिरी रंग, वॉश, फिकट ड्रायब्रश. विटेचा तुकडा फोडून दगड होतात. चहाचा चोथा कडक उन्हात वाळवून टाकला की जंगलातला पालापाचोळा, आणि वाळवायला ऊन तर आपल्याकडं फुकट. काथ्याचे धागे बारीक कापून फेविकॉलमध्ये उभे लावले की सुकलेलं गवत. दोरखंड, पट्टे, फाटके झेंडे यांना यंत्रमागाच्या सुताचे तुकडे वापरा, कुणीतरी ओळखीचा कारखान्यात असतोच, मूठभर वेस्ट सूत आणलं तर वर्षभर पुरतं.

१०. वार्निश

खेळताना मिनी हातात घेतली जाते, घाम लागतो, रंग कडांवरून जातो. मॅट वार्निश मारा, स्प्रे असेल तर प्राइमरचेच नियम, सकाळी, जवळून, पातळ. कूलर चालू असलेल्या खोलीत नको, ती हवा ओली असते आणि वार्निश पांढरट पडतं. प्रत्येक नवीन कॅन आधी एखाद्या टाकाऊ मावळ्यावर मारून बघा. ब्रशनं लावायचं मिळालं तर जास्त सुरक्षित. आणि वार्निश मारल्यावर रात्रभर हात लावायचा नाही.

पूर्णच बिघडली मिनी तर? आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये काही तास बुडवा, टूथब्रशनं घासा, अ‍ॅक्रिलिक उतरतो. कडक प्लास्टिक आणि धातूला चालतं, रेझिनला जास्त वेळ ठेवू नका. थिनर, पेट्रोल यात बुडवायचं नाही, मिनीच विरघळते.

११. ब्रश आणि मिनी सांभाळणं

रंगात ब्रश अर्ध्यापर्यंतच बुडवायचा. पत्र्याच्या नळीत रंग गेला की आत वाळतो, केस फाकतात आणि ब्रश गेला. आपल्या हवेत तर पाचदहा मिनिटांनी आठवण ठेवून खळबळून घ्यायचा, रंग तोच वापरायचा असला तरी. शेवटी साबणावर हलका घासून, धुऊन, बोटांनी टोक करून आडवा ठेवा. ग्लासात टोकावर उभा ठेवून जेवायला गेलात तर परत येईस्तोवर टोकाचा आकडा झालेला असतो. सिंथेटिकचं टोक वाकलंच तर गरम पाण्यात क्षणभर धरून सरळ करून बघा, नाहीच झालं तर तो ड्रायब्रशला.

न्यायला-आणायला दिवाळीतला मिठाईचा पत्र्याचा डबा सगळ्यात भारी. प्रत्येक बेसच्या खाली छोटं चकतीचं चुंबक फेविक्विकनं चिकटवायचं, मिनी डब्याच्या तळाला धरून राहते, गाडीवर होटगी रोडचे खड्डे खाऊन पण हलत नाही. फक्त डबा घेताना घरचं एखादं चुंबक नेऊन लावून बघा, काही डबे अ‍ॅल्युमिनियमचे निघतात आणि त्याला काही चिकटत नाही.